माझी जमीन, माझे बोअर आणि ग्रामसभेचा ठराव

पायथ्याचा_शेतकरी (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. हा धागा मुद्दाम शेतीऐवजी राजकारण विभागात काढला आहे, कारण प्रश्न केळीच्या पाण्याचा असला तरी त्यामागचा वाद राजकारणाचाच आहे असे मला वाटते.

आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. मागच्या ग्रामसभेत असा ठराव मांडला गेला की यापुढे शिवारात २०० फुटांपेक्षा खोल नवे बोअर कोणी घेऊ नये, आणि ज्यांची खोल बोअर आधीपासून आहेत त्यांनी मृग बाग (जूनमध्ये लावायची केळी) लावण्याआधी किती क्षेत्र लावणार हे गावाच्या समितीला कळवून तिची संमती घ्यावी. मी ठरावाच्या विरोधात बोललो आणि मतदानाआधी उठून आलो. उठून येणे चुकले, हे आधीच मान्य करतो.

माझे म्हणणे साधे होते. जमीन माझी, सोसायटीचे कर्ज माझ्या नावावर, रोपांचे, ठिबकचे आणि खताचे पैसे माझे. जूनच्या वादळात बाग आडवी झाली तेव्हा पंचनाम्यासाठी तलाठ्यामागे मीच फिरलो. रावेर बाजारात केळीचा भाव फळ्यावर एक लागतो आणि व्यापारी कापणी दुसऱ्याच भावाने करतो, तेव्हा तो फरक भरून द्यायला समिती येत नाही. तोट्यात गाव वाटेकरी होत नसेल, तर मी काय लावावे हे विचारण्याचा अधिकार त्याला कोठून आला?

हे बोलून घरी आलो आणि रात्री झोप लागली नाही, कारण मी सभेत एक गोष्ट सांगितली नव्हती. आजोबांची विहीर ७० फुटांची होती आणि ती वर्षभर पुरत असे. वडिलांनी २१० फुटांचे बोअर घेतले. मी ५६० फुटांवर गेलो. गेल्या एप्रिलमध्ये वरच्या बांधाच्या शेजाऱ्याने ७०० फुटांचे बोअर घेतले आणि पंधरा दिवसांत माझी मोटर हवा ओढू लागली. त्याने काही बेकायदा केले असे मला तेव्हा वाटले नाही, कारण सहा वर्षांपूर्वी खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीचे माझ्यामुळे नेमके हेच झाले होते आणि तेव्हा मी त्याला ‘आपापले नशीब’ असे उत्तर दिले होते.

फैजपूर आमच्यापासून जवळ आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तेथे झाले, नेहरू अध्यक्ष होते, आणि सारा व खंड कमी करण्याची मागणी करणारा शेतीविषयक कार्यक्रम तेथेच मंजूर झाला. त्या लढ्यात शेतकऱ्याच्या समोर सरकार आणि सावकार होते, म्हणून बाजू निवडणे सोपे गेले असेल. येथे माझ्यासमोर माझ्याच भाऊबंदकीतली माणसे आहेत. तेव्हा विचारतो: शेतकऱ्याचे व्यवसायस्वातंत्र्य गावाच्या हितासाठी कोठपर्यंत आवळावे, आणि ते आवळण्याचा अधिकार कोणाचा?

कपाशीवाला (शहादा)

भाऊ, तुम्ही उठून आलात ते चुकले, पण बोललात ते चुकले नाही.

‘सर्वांचे हित’ हे शब्द ऐकले की माझ्या घरात अजूनही कापूस एकाधिकार योजनेची आठवण निघते. कायदा १९७१ चा आणि खरेदी १९७२ च्या हंगामापासून. हेतू उत्तम होता, हे मी नाकारत नाही. व्यापारी लुबाडत होता, म्हणून राज्याने ठरवले की महाराष्ट्रातला सगळा कापूस राज्यच घेईल. परंतु त्यासाठी खासगी खरेदीवर बंदी आली, राज्याबाहेर कापूस नेणे गुन्हा ठरला, आणि स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या गाडीत घालून नेणारा शेतकरी चोर झाला. शहाद्याहून खेतिया किती दूर आहे हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पलीकडे मध्य प्रदेशात भाव चढलेला असे आणि अलीकडे आमचे वडील केंद्रावर गाडी लावून तीन-तीन दिवस मापाची वाट पाहत बसत. ग्रेड लावणाऱ्याच्या मनात आले की चांगला कापूस एका बोटाने खालच्या प्रतीत जाई. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळे आणि त्यातूनही भांडवल निधीसाठी ३ टक्के कापले जात. एका रात्री वडिलांची गाडी नाक्यावर अडवली गेली. दंड किती झाला हे त्यांनी आईलाही शेवटपर्यंत सांगितले नाही.

गंमत अशी की बाहेर भाव पडला की उलट वारे वाहत. शेजारच्या राज्यांतला कापूस आमच्या केंद्रांवर येऊन हमीभावाने विकला जाई आणि योजनेचा तोटा फुगत जाई. २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल करून व्यापाऱ्यांना पुन्हा मुभा द्यावी लागली. मधल्या तीस वर्षांत ‘हित’ नेमके कोणाचे झाले, याचा हिशेब मला कोणी द्यावा. शरद जोशींनी शेतकऱ्याच्या गुलामीचे मूळ सरकारी हस्तक्षेपात आहे असे आयुष्यभर सांगितले आणि १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र भारत पक्षही काढला. निवडणुकीत त्यांना फारशी मते मिळाली नाहीत. पण खेतियाच्या रस्त्यावर रात्री गाडी हाकलेल्या माणसाला त्यांचे म्हणणे समजावून सांगावे लागले नाही.

कांद्याचेही तेच. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली आणि तीही ४० टक्के शुल्क लावून. साक्री-पिंपळनेरच्या शेतकऱ्याने शहरातल्या ग्राहकासाठी पाच महिने तोटा सोसला. त्याला कोणी विचारले होते का?

म्हणून माझा आग्रह असा की निर्बंध लावणाऱ्याला आधी विचारावे: याची किंमत कोण मोजणार? गावाचा ठराव या कसोटीवर तपासा. माझा संशय असा की ज्यांची खोल बोअर आधीच झाली आहेत तेच नव्यांना बंदी घालत आहेत.

धरणगावकर

कपाशीवाला दादांशी बहुतांशी सहमत, पण एक टोचते. स्वातंत्र्य मागणारे आपणच सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) खरेदी केंद्र उशिरा उघडले की रस्ता रोखतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले तेव्हा ते परत लावा म्हणून निवेदनेही आपणच दिली. खुल्या बाजाराच्या बाजूने बोलायचे तर सूतगिरणीवाल्याला स्वस्त कापूस आणण्याची मुभाही मान्य करावी लागेल. मला ती मान्य नाही, म्हणून मी स्वतःला उदारमतवादी म्हणवून घेत नाही.

अमळनेरचा_वकील

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न पाण्याचा आहे, तेव्हा कापसावरून थोडे मागे येतो.

आपल्या जमिनीखालचे पाणी आपलेच, ही समजूत आपल्याकडे कोठून आली याचा शोध घेतला तर वाट इंग्लंडमध्ये पोहोचते. तेथे १८४३ मध्ये एक खटला निकाली निघाला. एका कापड गिरणीच्या विहिरी शेजारच्या कोळसा खाणीच्या उपशामुळे आटल्या, गिरणीमालक न्यायालयात गेला आणि हरला. जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यावर जमीनमालकाचा अधिकार आहे आणि त्याने ते उपसल्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली तरी दाद मागता येत नाही, असा तो निर्णय होता. पुढे आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात हेच तत्त्व आले. भूगर्भात काय चालते हे त्या काळी न्यायाधीशांना दिसत नव्हते, म्हणून त्यांनी हात झटकले. आज भूजल सर्वेक्षण विभाग निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजतो. अज्ञानावर उभे राहिलेले तत्त्व मोजमाप हाती आल्यावरही तसेच चालू ठेवावे का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

संविधानाची मांडणी पाहिली तर कलम १९(१)(छ) कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देते आणि १९(६) सार्वजनिक हितासाठी ‘वाजवी’ निर्बंधांची मुभा देते. सगळी ओढाताण त्या ‘वाजवी’ या एका शब्दात आहे. दुसरीकडे कलम ३९(ख) सांगते की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांची विभागणी सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशी असावी. या कलमाचा अर्थ ताणून प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचीच मानावी का, हा वाद अनेक वर्षे चालला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ‘नाही’ असे उत्तर दिले. खटला महाराष्ट्रातलाच होता, मुंबईच्या जुन्या इमारतींचा. परंतु एखादी वस्तू समाजाची साधनसंपत्ती ठरेल की नाही हे तिचे स्वरूप, तिची दुर्मिळता, समाजावर होणारा तिचा परिणाम आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याने होणारे परिणाम पाहून ठरवावे, असेही तेथे सांगितले आहे. भाऊंच्या केळीचे घड या कसोटीवर त्यांचेच राहतील. ७०० फुटांवरचे पाणी तसे राहील असे मला वाटत नाही.

शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आहेच. तो २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटर ही खोल विहिरीची मर्यादा आहे आणि अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी त्याहून खोल जाण्यास मनाई आहे. तुमच्या ठरावातले २०० फूट म्हणजे जवळपास तेच ६० मीटर. ठराव लिहिणाऱ्याने कायदा वाचलेला दिसतो. क्षेत्र अधिसूचित असल्याशिवाय केवळ ग्रामसभेच्या ठरावावर बोअर थांबवता येईल का, याबद्दल मात्र मी येथे सल्ला देणार नाही. तालुक्याला या आणि कागद दाखवा.

पांझराकाठ (साक्री तालुका)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी गाव सांगतो. जरा लांबेल, चालवून घ्या.

आमच्याकडे पांझरेवर, आणि तिकडे मोसम-गिरणेवर, फड पद्धत कित्येक शतके चालत आली. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे, प्रत्येकातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. उसाचा फड ठरला की त्यात सगळ्यांनी ऊसच लावायचा. दुसऱ्यात खरिपाचे, तिसऱ्यात रब्बीचे, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. मला माझ्या तुकड्यात काय लावायचे याचे स्वातंत्र्य जवळजवळ शून्य. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाधिकार योजनेपेक्षाही कडक कारभार.

तरीही लोकांनी तो सोसला, आणि का सोसला हे मी आजोबांकडून ऐकले आहे. प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. दुष्काळाच्या वर्षी पाणी कमी आले तर पंच एखादा फडच्या फड कोरडा सोडत. त्यात पंचांचेही शेत असे. म्हणजे नुकसान ठरवणारा आणि नुकसान सोसणारा ही एकच माणसे होती. आपला तुकडा हिरवा ठेवून दुसऱ्याचा वाळवण्याची सोय त्या आखणीतच नव्हती. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी धान्याच्या रूपाने फडातूनच निघे. पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे. आजोबा बांधावर भेटलेल्या माणसाला रामराम करण्याआधी ‘तुनी पाळी व्हयनी का?’ (तुझी पाळी झाली का?) असे विचारत, इतकी पाण्याची पाळी अंगात मुरलेली होती. पाटकरी कोणाच्या दारी चहा पितो यावरही लोकांचे लक्ष असे.

कपाशीवाला दादांच्या वडिलांच्या वाट्याला जे आले त्यात आणि यात हाच फरक मला दिसतो. कापसाचा भाव मुंबईत ठरला. ठरवणाऱ्याची गाडी केंद्रावर तीन दिवस उभी राहत नव्हती. कांद्याच्या निर्यातीचे दिल्लीत ठरले, तेथेही तेच. निर्बंध कडक की सैल हे मी नंतर पाहीन. आधी एवढेच पाहीन की तो लावणाऱ्याचे शेत त्या फडात आहे का.

आता फडाची बाजू फार गोड रंगवली, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला फडात वाटा नव्हता. पाटातून वाहणारे पाणी त्याचे नव्हतेच. हे कोडे पुढे पुरंदरला विलासराव साळुंखे यांनी १९७४ नंतर पाणी पंचायतीत सोडवून पाहिले. तेथे पाणी एकरावर न देता घरातल्या माणसांवर दिले, भूमिहीनालाही हिस्सा ठेवला आणि उसाला बंदी केली. दुसरे असे की आमचा फड सरकारने मोडला नाही, आम्हीच मोडला. वीज आली, थळात (पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीत) विहिरी झाल्या, ज्याची विहीर झाली त्याला पाळीची गरज उरली नाही, तो गाळ काढायला येईनासा झाला, आणि मग ज्यांना गरज होती त्यांच्या बळावर पाट चालेना. आमच्याच घराने पहिल्या काही विहिरींपैकी एक खोदली. त्या वर्षी वडिलांनी कांदा लावला आणि पैसा झाला, घराची माडी त्याच पैशाची आहे. त्यामुळे स्वातंत्र्याला नावे ठेवण्याचा मला तसा अधिकार नाही.

चोपड्याच्या_बाई

मी शिक्षिका आहे आणि शेती नाही, त्यामुळे या चर्चेत माझा फड कोणता हा प्रश्नच आहे.

वर्गातली अर्धी मुले पाड्यावरची आहेत. त्यांचे आईवडील केळीच्या कापणीला आणि घड वाहायला जातात. पाड्याचा हातपंप दरवर्षी मार्चमध्ये कोरडा पडतो आणि मुली शाळेआधी पाण्याला जाऊन दुसऱ्या तासाला पोहोचतात. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेऊ नये असा नियम १९९३ च्या कायद्यापासून पुस्तकात आहे. पाड्याच्या हातपंपापासून शंभर पावलांवर दोन बोअर आहेत. ती कोणाची हे गावात सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कोणी बोलत नाही.

भाऊ, तुमच्या शेजाऱ्याचे बोअर ७०० फुटांचे आहे म्हणून तुमची झोप उडाली हे मी समजू शकते. परंतु तुमच्या संपूर्ण लेखात गाव म्हणजे बाग असलेली माणसे एवढेच आहे. पाणी आटल्यावर बागायतदार खोल जातो आणि पाड्यावरचा माणूस टँकरची वाट पाहतो. कर्ज काढून खोल जाण्याचे स्वातंत्र्य त्याला कधी मिळालेच नाही.

सामूहिक हितासाठी कोणी पैसे मोजतच नाही, असेही नाही. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी म्हणून सुरू झाला आणि दुष्काळात याच तालुक्यांतल्या माणसांनी त्या कामांवर दिवस काढले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलला, आणि त्यामुळे कोणाचे स्वातंत्र्य बुडाल्याचे मी ऐकले नाही. ग्रामसभेच्या समितीत पाड्याची दोन माणसे घ्या, त्यात एक बाई असू द्या, मग ठराव वाजवी आहे की नाही ते ठरेल.

कपाशीवाला (शहादा)

बाईंचे म्हणणे लागले आणि ते मान्य करतो. हातपंपाशेजारचे बोअर हे स्वातंत्र्य नाही. दुसऱ्याच्या घागरीतून घेणे आहे.

मात्र पांझराकाठ दादांना एक विचारायचे आहे. तुमच्या आजोबांच्या पाळीत उपशाला श्रमाची किंमत होती, आज ती नाही. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. बिलच येत नसेल तर मोटर बंद कोण करेल? खोल बोअरमागे मोकळा बाजार आहे असे सगळे गृहीत धरून चालले आहेत, पण मला तेथे फुकट वीज आणि तिच्यामागे निवडणूक दिसते. मीटर लावा, विजेचे पैसे घ्या आणि तीच रक्कम एकरी थेट खात्यात परत द्या. पाणी वाचवणाऱ्याच्या हाती पैसा उरेल आणि समितीला कोणाच्या बागेत डोकावावे लागणार नाही. हे कोणताही पक्ष बोलणार नाही, हेही जाणतो.

पांझराकाठ (साक्री तालुका)

दादा, मीटरला माझा विरोध नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो बिल भरून खोल जाईल, एवढीच भीती आहे. भावाने उपसा कमी होईल, पण शेवटचे पाणी कोणाकडे जाईल हे भाव सांगत नाही. दोन्ही लागेल असे वाटते.

पायथ्याचा_शेतकरी (यावल तालुका)

सर्वांचे आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण मधल्या काळात दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे ज्याला मी ‘आपापले नशीब’ म्हणालो होतो त्या खालच्या शेजाऱ्याकडे गेलो. आता तो बाग करत नाही, कोरडवाहू कपाशी करतो. तासभर बसलो. त्याने चहा दिला, विहिरीचा विषय मी काढेपर्यंत त्याने काढला नाही, आणि काढल्यावर म्हणाला की ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत तोही होता. कपाशीवाला दादांचा संशय म्हणून मी मोजदाद केली: बाजूने बोललेल्यांत खोल बोअर असलेले तिघेच होते, बाकीचे विहिरी आटलेले. म्हणजे संशय थोडा खरा, बराचसा खोटा.

दुसरी म्हणजे ग्रामसेवकाकडून ठरावाची प्रत घेतली. सभेत संमतीचेही बोलले गेले होते, पण प्रतीत जुन्या बोअरवाल्यांनी ‘कळवावे’ इतकेच आहे आणि नव्यांवर मात्र सरळ बंदी आहे. हे मला पटत नाही. पांझरेचा नियम लावायचा तर कोरडा फड माझ्याही वाट्याला यायला हवा. म्हणून पुढच्या सभेत दुरुस्ती मांडणार आहे: खोल बोअर असलेल्या प्रत्येकाने, माझ्यासह, यंदाच्या मृग बागेचे क्षेत्र एक चतुर्थांशाने कमी करावे, हातपंपाभोवती ५०० मीटरच्या आतली बोअर मार्च ते जून बंद राहावीत, समितीत पाड्याची दोन माणसे असावीत. मीटरचे लिहिलेले नाही, ते सभेत टिकणार नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरणाचा, म्हणजे तापीचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या प्रकल्पाचा, करार झाला आहे, तो प्रकल्प आला की सगळे सुटेल असे काही जण म्हणतील. प्रकल्प येईल तेव्हा येईल, बाग जूनमध्ये लावायची आहे.

माझ्या आठ एकरांतले दोन एकर पडतील. घरात अजून सांगितलेले नाही. वकीलसाहेब, सोमवारी कागद घेऊन अमळनेरला येतो. दुपारी असाल का?